बेल्जियन की चेक

मला स्वतःचं पिस्तूल घ्यायचं होतं, आणि ते पूर्ण पोलादी हवं होतं. कोल्हापूरला भावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग जरा घाबरून म्हणाला, "तिकडं काय दंगल-बिंगल चाललीय काय?" मी म्हटलं, दंगल नाही रे, खेळ आहे. त्याला ते फारसं पटलं नाही. मी नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावात एका पाळणाघरात काम करते. दिवसभर लहान मुलांची नाकं पुसायची, त्यांचे बूट घालायचे आणि काढायचे, त्यांच्याबरोबर डच गाणी म्हणायची. आणि आठवड्यातून दोनदा, काम संपलं की, सायकल काढून गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत जायचं, तिथल्या एका बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवायचे आणि पंचवीस मीटरवर टांगलेल्या कागदावर गोळ्या झाडायच्या. दोन्ही गोष्टी मला सारख्याच आवडतात. दोन्हींत धीर लागतो.

नेमबाजी माझ्यासाठी नवी नव्हती. कॉलेजात एनसीसीमध्ये मी रायफल चालवायची. लग्न झालं, नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसावर पाठोपाठ आले. मग मुलगी, भाषा, घर, नोकरी यांत रायफल कुठल्या कुठे राहिली. क्लबची पाटी मला सापडली ती रस्ता चुकल्यामुळे. वळसा घालून परत फिरताना दारावर बंदुकीचं छोटं चित्र दिसलं आणि मी सायकल थांबवली.

त्या क्लबात मला एक बाई भेटल्या. सत्तरीच्या, उंच, निवृत्त दंतवैद्य. डच लोकांत वयाने मोठ्या माणसालाही नावानेच हाक मारतात, पण मला ते काही जमलं नाही. मी मनात त्यांना डॉक्टरबाईच म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी पकड बघितली आणि म्हणाल्या, "कुठेतरी शिकलेली आहेस. पण रायफल. पिस्तुलाला असं आवळू नकोस, त्याला काही पळून जायचं नाहीये."

या देशात पिस्तूल घेणं सोपं नाही. क्लबात वर्षभर सभासद म्हणून नियमित यावं लागतं, चारित्र्याचा दाखला लागतो, घरात भिंतीला बोल्टने पक्की केलेली तिजोरी लागते आणि शेवटी पोलिसांचा परवाना. चारित्र्याचा दाखला मी पाळणाघरासाठी एकदा काढलेलाच होता. तोच दाखला आता पिस्तुलासाठी काढताना मला गंमत वाटली होती.

आता पोलादीच का, ते सांगते. क्लबात नव्या पद्धतीची, प्लास्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलं होती. हलकी, चांगली, कशालाही न कुरकुरणारी. पण हलकं पिस्तूल गोळी सुटल्यावर हातात उसळतं. पोलादी पिस्तूल वजनदार असतं, किलोभर तरी, आणि तो धक्का स्वतःच्या अंगावर घेतं. हाताला फक्त एक ढकलल्यासारखं जाणवतं. शिवाय मला ते दिसायला आवडायचं. कडा झिजून काळ्या रंगाखालचं पांढरं पोलाद उघडं पडलेलं, मुठीला लाकूड. माझ्या आईच्या हातातल्या अडकित्त्याची पाती अशीच दिसायची.

निवड दोन पिस्तुलांतच होती. एक चेक, एक बेल्जियन. दोन्ही जुन्या बनावटीची, दोन्ही नऊ मिलिमीटरची. मोठ्या गोळीचं, अमेरिकन पंचेचाळीस कॅलिबरचं एक पिस्तूलही मी चालवून पाहिलं. एका सभासदाचं होतं, तो सभासद माझ्याकडे लक्ष ठेवून शेजारी उभा राहिला. सुंदर ट्रिगर, सरळ मागे सरकणारा. पण गोळ्या महाग आणि दर गोळीला मनगट विचारायचं, अजून किती? त्यामुळे ते बाद झालं.

चेक पिस्तूल क्लबच्या मालकीचं होतं. त्याची मूठ इतकी नेमकी की डोळे मिटून उचललं तरी बोटं आपापल्या जागी जाऊन बसायची. त्याची वरची स्लाइड सांगाड्याच्या आतून धावते, त्यामुळे ती बुटकी असते. मागे ओढायला बोटांना पकडायला जागाच कमी. हिवाळ्यात सायकल चालवून बोटं गारठलेली असली की माझी ती हमखास निसटायची. आणि हॅमर, म्हणजे मागचा घोडा, खाली असताना पहिल्या गोळीसाठी ट्रिगर इतका लांब ओढावा लागायचा की माझ्या आखूड बोटाला तो पुरायचा नाही.

बेल्जियन पिस्तूल डॉक्टरबाईंचं होतं. ते सडपातळ. स्लाइड ओढायला सोपी, ट्रिगर जवळ. पण तो ट्रिगर जरा किरकिरा होता. गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं असताना पिस्तूल उडू नये म्हणून आत एक सुरक्षा कळ असते, ती ट्रिगरला घासते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आणि मूठ जास्त वर धरली तर हॅमर अंगठ्याच्या बेचक्यात चावा घ्यायचा. पहिल्या दिवशी रक्त आलं. डॉक्टरबाईंनी पर्समधून पट्टी काढून लावली आणि म्हणाल्या, "त्याला तू आवडलीस."

हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, तुलना करायची म्हटली की त्याला हुरूप येतो. नवा फ्रिज घेताना त्याने दोन महिने काढले होते. जेवताना आमच्यात हाच विषय.

"चेकची मूठ जास्त चांगली म्हणतेस ना?"

"मूठ चांगली. पण बोट पुरत नाही."

"मग पहिली गोळीही हॅमर मागे ओढून मारायची. म्हणजे ट्रिगरचा प्रश्नच मिटला."

"तसं करता येतं. पण मग स्लाइडचं काय? थंडीत निसटते."

"हातमोजे घाल."

"अरे, हातमोज्यांत ट्रिगर कसा कळणार?"

आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती मराठीत सगळं समजते आणि इंग्लिश किंवा डचमध्ये उत्तर देते. ती एकदा ताट उचलता उचलता इंग्लिशमध्ये म्हणाली, "तुम्ही दोघं नॉर्मल आईबाबांसारखं सोफ्यावरून का भांडत नाही?" आम्ही दोघं हसलो. मला ते हसणं आठवतं. खूप वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीत रमलो होतो.

खूप वर्षांनी असं म्हणते, त्याला कारण आहे. मुलगी पाच वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले होते. सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मला नीट आठवतही नाही. आल्मेरेला जाल तिकडे पाणी आहे. मी मुलीला शाळेत सोडून तळ्याकाठच्या बाकावर बसायची आणि दुपारी शाळा सुटेपर्यंत तिथेच असायची. एकदा नवरा मला शोधत तिथे आला. तो शेजारी बसला. मीच बोलले. म्हणाले, "पोरगी नसती ना, तर मी कधीच या पाण्यात चालत गेले असते."

त्याने माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी तोच मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेला. मग समुपदेशक, औषधाच्या गोळ्या, पुष्कळ महिने. मी बरी झाले. गोळ्या थांबल्या, पाळणाघरात नोकरी लागली. ते वाक्य मी त्याच्याशिवाय कुणापाशी बोलले नव्हते. समुपदेशकापाशीही नाही, कारण त्या बाईंशी मी डचमध्ये बोलायची आणि ते वाक्य माझ्याकडे फक्त मराठीत होतं. आम्हीही पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. मला वाटायचं, ते त्याने जपून ठेवलंय.

क्लबात वर्ष पूर्ण झालं आणि मी परवान्यासाठी अर्ज केला. अर्जात अलीकडच्या वर्षांत मानसिक उपचार घेतले आहेत का, असा प्रश्न होता. माझे उपचार संपून बराच काळ लोटला होता. मी 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं.

एका शनिवारी आम्ही दोघं आपेलडोर्न गावाच्या बाजूच्या एका बंदुकविक्रेत्याकडे गेलो. नवऱ्यानेच गाडी काढली. दुकानदाराकडे जुनी दोन्ही होती, एक चेक आणि एक बेल्जियन. त्याने दोन्ही रिकामी करून मखमलीच्या कपड्यावर ठेवली. मी चेक उचललं, ठेवलं. बेल्जियन उचललं. त्याचा काळा रंग नळीच्या टोकाला आणि मुठीच्या कडेला उडाला होता. कुणीतरी ते खूप वर्षं चामड्याच्या म्यानात बाळगलं असणार.

"दे, बघू," नवरा म्हणाला. त्याने ते तळहातावर तोललं, मला परत दिलं आणि एक पाऊल मागे जाऊन बघत राहिला.

"हेच घे," तो म्हणाला.

"ट्रिगर किरकिरा आहे."

"तू सवय करशील. पण तुझ्या हातात हेच शोभतं. ते दुसरं तुझ्या हातात पाहुण्यासारखं दिसतं."

मी दुकानदाराला सांगितलं, परवाना येईपर्यंत हे माझ्यासाठी बाजूला ठेवा. तो हसून म्हणाला, पोलिसांना वेळ लागतो, पण मला घाई नाही. येताना आम्ही वाटेत थांबून गरम सूप प्यायलो. त्या आठवड्यात नवऱ्याने जिन्याखालच्या कोठीत तिजोरी बसवली. काँक्रीटमध्ये ड्रिलने भोकं पाडताना त्याच्या केसांवर पांढरी धूळ बसली होती. मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरून शेजारी उभी होते. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने तिजोरीला दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला आणि म्हणाला, "आता घर पडलं तरी ही पडणार नाही."

काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला, मुलाखतीला या. मी रजा टाकून गेले. परवान्यांचं काम बघणारा अधिकारी माझ्याच वयाचा होता, शांत, चांगला माणूस. त्याने कॉफी दिली. क्लबाबद्दल विचारलं, कुठलं पिस्तूल घेणार ते विचारलं. मी बेल्जियन म्हटल्यावर त्याच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. मग तो जरा थांबला.

"मला तुम्हाला एक विचारायचंय," तो म्हणाला. "तुमच्या जवळच्या कुणीतरी आम्हाला फोन करून काळजी व्यक्त केली आहे. कोण, ते मी सांगू शकत नाही."

मी म्हटलं, "कसली काळजी?"

त्याने समोर काही उघडलं नाही, काही वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं. तो डचमध्ये, हळू, प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "तुम्ही एकदा म्हणाला होतात, की मुलगी नसती तर तुम्ही कधीच पाण्यात चालत गेला असता."

आधी मला कळलंच नाही की हे वाक्य माझं आहे. डचमध्ये ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मग त्याचा मराठी सूर माझ्या कानात आला, तळ्यावरचा वारा आला, शेजारी बसलेला माणूस आला. कोण, ते सांगायची गरज उरली नव्हती.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. बाळाचं, उपचारांचं, ते कधी संपले याचं. तो ऐकत होता. म्हणाला, "तुमच्या डॉक्टरांचं मत लागेल. आणि तुमच्या घरच्यांशी बोलावं लागेल. तोपर्यंत मला निर्णय देता येणार नाही. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही." मग दारापर्यंत सोडायला येताना त्याने विचारलं, "घरी कुणी आहे का आत्ता? एकट्या जाल ना?" मला त्या प्रश्नाचा एवढा राग आला की मी तशीच बाहेर पडले.

घरी नवरा होता. त्या दिवशी तो घरून काम करत होता, कानावर हेडफोन, पडद्यावर पाच-सहा चेहरे. मी कोट न काढता त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्या लोकांना सांगितलं की नंतर पुन्हा येतो.

"काय झालं?"

"तू त्यांना फोन केलास."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं, कोणाला, कसला, असं काहीतरी तो म्हणेल. तसं म्हणाला असता तर मला क्षणभर तरी शंका घेता आली असती.

"कधी केलास?"

"अर्ज दिल्यावर. लगेचच."

"म्हणजे दुकानात जायच्या आधी."

"हो."

"म्हणजे 'हेच घे, तुझ्या हातात शोभतं' म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"मला भीती वाटली गं," तो म्हणाला. "घरात ते येणार, त्याच घरात मी तुला त्या वर्षी बघितलंय. मला झोप लागेना."

"मग मला सांगायचं! मला म्हणायचं, मला हे घरात नको. मी भांडले असते, रडले असते, पण ऐकलं असतं."

"तू इतकी खूश होतीस. एवढ्या वर्षांनी. मला ते मोडायचं नव्हतं."

"म्हणून पोलिसांकडून मोडून घेतलंस?"

मग त्याने ते सांगितलं, जे मी अजून विसरू शकलेले नाही. "मला वाटलं, त्यांनी नाही म्हटलं तर तू त्यांच्यावर चिडशील. माझ्यावर नाही. दोन महिन्यांत विसरशील. आणि आपलं सगळं चांगलं चाललंय तसंच राहील."

"भिंतीला भोकं तू पाडलीस," मी म्हटलं. "मी नळी धरून उभी होते."

"हो," तो म्हणाला.

त्याला भीती वाटली याचा मला राग नव्हता. भीती वाटावी असं मी त्याला एकदा दाखवलंच होतं. त्याने फोन केला तोही कदाचित मी माफ केला असता. पण जेवणाच्या टेबलावरच्या त्या गप्पा, हॅमर मागे ओढायची युक्ती, हातमोजे, तोलून बघणं, सूप. फोन केल्यावरही तो माझ्याबरोबर निवड करत राहिला. मी एका खऱ्या गोष्टीची निवड करत होते आणि तो मला खेळवत होता. पाळणाघरात मुलं रिकाम्या कपातून मला चहा पाजतात आणि मी 'वा, छान झालाय' म्हणते, तसं. मुलीने संध्याकाळी विचारलं, काय झालंय. मी सांगितलं, परवान्याला वेळ लागणार आहे. तिने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "खोटं नका बोलू." मग तिलाही सगळं सांगावं लागलं, तळ्याचं आणि बाळाचंही. ती माझ्याजवळ येऊन बसली. बापाशी ती काही दिवस फक्त कामापुरतं बोलत होती आणि ते मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

क्लबात मी जात राहिले. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या पिस्तुलाची नळी घासत होत्या. सांगून होईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मला वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील.

"त्याच्या जागी मी असते तर मीही फोन केला असता," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असणार.

"थांब, पुढे ऐक. फोन करायच्या आधी तुझ्यासमोर बसून सांगितलं असतं की मी फोन करणार आहे. आणि मग तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. त्याने फोन केला हे बरोबर. शिव्या चुकवल्या हे चूक."

मी म्हटलं, "तो घाबरट आहे."

"बहुतेक नवरे असतात," त्या म्हणाल्या. "माझ्या दवाखान्याच्या खुर्चीत बसलेले मी खूप पाहिलेत."

पुढच्या मुलाखतीला पोलिसांनी आम्हा दोघांना बोलावलं. फॅमिली डॉक्टरांनी चांगलंच मत दिलं होतं. तिथे आम्ही गाडीने गेलो. अधिकाऱ्याने पुन्हा कॉफी दिली आणि या वेळी सरळ नवऱ्याला विचारलं, तुमचं आज काय म्हणणं आहे?

मला खात्री होती की तो आता माघार घेणार. आदल्या दिवसापर्यंत तो घरात म्हणत होता, मी सांगतो त्यांना, माझा गैरसमज झाला होता, तू म्हणशील ते सांगतो. मी त्याला म्हटलं होतं, माझ्यासाठी काही सांगू नकोस, जे आहे ते सांग. तरी मी त्याला ओळखून होते. समोरच्याला आवडेल तेच तो बोलणार.

तो माझ्याकडे वळला. अधिकाऱ्याकडे नाही, माझ्याकडे. आणि डचमध्ये, अडखळत म्हणाला, "तू बरी आहेस. मला माहीत आहे. पण मला अजून भीती वाटते. ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे. मी ते विसरू शकत नाही."

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. हेच त्याने त्या शनिवारी, गाडीत, सूप पिताना सांगितलं असतं तर! पाच वाक्यं होती. त्यासाठी त्याला पोलीस ठाण्याची खुर्ची लागली.

अधिकारी म्हणाला, आत्ता मी नाही म्हणतो, वर्षभराने पुन्हा अर्ज करा, दार बंद नाही. मी बरं म्हटलं. बाहेर आल्यावर नवऱ्याने गाडीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. मी म्हटलं, मी चालत येते. खूप अंतर होतं, तरी चालत आले.

दुकानदाराला फोन करून सांगितलं की ते पिस्तूल आता कुणालाही द्या. नंतर ते कुठे गेलं मला ठाऊक नाही. मी क्लबच्या चेक पिस्तुलावर नेम धरते. स्लाइड निसटते ती निसटतेच. आधी काखेत हात धरून बोटं गरम करायची, मग ओढायची, असं जमवलंय. हॅमर मात्र मी हाताने मागे ओढत नाही. तो लांब ट्रिगर तसाच ओढते, बोट पुरेल तेवढं पुरवत. माझे गुण त्यामुळे कमी येतात. डॉक्टरबाई म्हणतात, हट्टी आहेस.

वर्ष उलटून गेलं. मी पुन्हा अर्ज केला नाही. नवरा एकदा म्हणाला, "या वेळी कर. मी काही करणार नाही. आधी तुला सांगितल्याशिवाय काहीही करणार नाही." तो मनापासून म्हणत होता. आमचं घर चाललं आहे. आम्ही बरोबर जेवतो, एकत्र बाजारहाट करतो, मुलीच्या कॉलेजची चर्चा करतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसणार नाही. मलाही रोज दिसत नाही.

गेल्या फेब्रुवारीत मात्र दिसलं. आकाश आठवडेच्या आठवडे राखाडी होतं, पाळणाघरात मुलं सारखी आजारी, आणि मला सकाळी उठवेना. जुन्या दिवसांची सावली मी लगेच ओळखली. त्या वर्षाइतकं काही नव्हतं, पण ओळखलं. पूर्वी असं काही झालं असतं तर मी पहिल्यांदा त्याला सांगितलं असतं, स्वयंपाकघरात, मराठीत, हवं ते, हवं तसं. या वेळी तोंड उघडायच्या आधीच मनात आलं, हे वाक्य कुठे जाईल? कोण ते कुणाला सांगेल?

मी स्वतःच फॅमिली डॉक्टरकडे वेळ घेतली. आणि डॉक्टरबाईंना फोन केला. त्या दुपारी सायकलवरून आल्या, पिशवीत सफरचंदाचा केक घेऊन. अशा वेळी मला अपुऱ्या पडणाऱ्या डचमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी उद्या पुन्हा येते. आणि तुझ्या नवऱ्याला हे कळायला हवं. तू सांग, नाहीतर मी तुझ्यासमोर सांगते."

"मी सांगेन," मी म्हटलं.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला. ओट्यावर केकचा उरलेला तुकडा बघून म्हणाला, "कोण आलं होतं?"

"डॉक्टरबाई."

त्याने कोट खुंटीला लावला. माझ्याकडे नीट बघितलं. "बरी आहेस ना गं?"

तो दारातच उभा होता, उत्तराची वाट बघत. मी गॅस बारीक केला. "थोडी बरी नाहीये," मी म्हटलं. "परवा डॉक्टरकडे जातेय. बाकी काही विचारू नकोस."

"येऊ का बरोबर?"

"नको."

तो मान हलवून आत गेला. मी भाताचं झाकण काढून पाहिलं. अजून जरासा शिजायचा होता.